घरी कोण ऐकतं?

गाडी तपासायची म्हणजे आधी बॉनेट उघडायचं, अशी आपली समजूत. मिस्त्री मागून सुरुवात करत. गाडीच्या मागे उकिडवे बसत आणि म्हणत, "करा चालू." मी किल्ली फिरवली की ते उजवा तळहात सायलेन्सरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरत आणि डोळे मिटून घेत. झोपलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास नीट चाललाय ना, हे बघायला आई नाकासमोर हात धरते, तसा. अर्धं मिनिट जाई, कधी पुरतं एक मिनिट. मग ते डोळे उघडत, फडक्याला हात पुसत आणि गाडीबद्दल एक अक्षरही न बोलता विचारत, "घरी कोण ऐकतं?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. गाडी दुरुस्तीला नेली की लोक मॉडेल विचारतात, किती चालली विचारतात, किती खर्च करायची तयारी आहे हे तर विचारतातच. घरच्यांची चौकशी कोण करतं? आणि मी मुळात चिडक्या स्वभावाची. त्या दिवशी तर सकाळपासून दोन गॅरेजवाल्यांशी भांडून आले होते.

माझी गाडी तेव्हा बारा वर्षांची होती. रंग पांढरा, निदान कागदोपत्री. इगतपुरीच्या एका शाळेत मी लिपिक आहे आणि नाशिकच्या इंदिरानगरहून रोज जाऊन-येऊन करते. सोबत दोन शिक्षिका, पेट्रोल तिघींत. इगतपुरीत पाऊस पडतो म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं; तिथे चार महिने आभाळ खालीच उतरलेलं असतं. त्या पाण्याने माझ्या गाडीचं पोट खालून खात आणलं होतं, आणि मी वरून धूत होते. दिवाळीनंतर एके दिवशी घोटीच्या अलीकडे खाडकन आवाज झाला आणि गाडी एकदम ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. शिक्षिकांपैकी एक म्हणाली, "अहो, विमान घेतलं का?" आम्ही हसत हसत नाशिकला आलो.

घरी आल्यावर हसू गेलं. आमच्या घरात मी आणि माझे वडील, दोघंच. नानांची सगळी नोकरी प्रेसमध्ये गेली, डोळ्यांत तेल घालून छापील कागद तपासण्यात. निवृत्तीनंतर काचबिंदूने ते डोळेच नेले. सगळं हळूहळू दुसऱ्यांच्या हातात गेलं. पेपर वाचायला शेजारचे काका, दाढीला न्हावी, औषधांना मी. एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं: मी आले की दार उघडायचं. गाडी पिठाच्या गिरणीपाशी वळली की त्यांना आवाज कळायचा. ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठायचे, भिंतीला हात लावत दारापर्यंत यायचे, आणि मी जिना चढून पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत दार सताड उघडं असायचं. इतक्या वर्षांत मी घराची किल्ली पर्समधून बाहेर काढली नव्हती.

त्या संध्याकाळी दार बंद होतं. बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

परक्या माणसाला विचारतात तसं विचारलं त्यांनी. आवाजात भीती होती. मग माझा आवाज पटला तेव्हा साखळी काढली आणि म्हणाले, "गाडी कुठे ठेवलीस?" मी म्हटलं, खालीच आहे. ते तसेच दाराला धरून उभे राहिले. "मग मला कशी नाही कळली?" सायलेन्सर फुटलाय, तुमचा काही दोष नाही, असं मी दहादा सांगितलं. पण त्यांनी तो दोष स्वतःकडे घेतलाच. जेवताना अर्धी पोळी ठेवून उठले. माझ्यासाठी त्या दिवसापासून तो सायलेन्सरचा प्रश्न राहिला नाही.

एका गॅरेजने सांगितलं, पुढून मागेपर्यंत सगळी लाइन नवी टाका. त्या पैशांत माझ्या गाडीसारखी आणखी अर्धी गाडी आली असती. दुसऱ्याने सांगितलं, आतला फिल्टर काढून मोकळा पाइप टाकतो, स्वस्तात होईल, गाडी पळेल पण मस्त. मला पळायचं नव्हतं. शेवटी विमानवाल्या शिक्षिकेच्या यजमानांनी पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूचा एक पत्ता सांगितला. म्हणाले, "बोर्ड नाही. लिंबाच्या झाडाला गंजका सायलेन्सर टांगलाय, तोच बोर्ड."

पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला खड्डा, त्यावर गाडी उभी करायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पाण्याचा माठ. आणि त्या सगळ्या काजळीत इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेला एक उंच, सडपातळ म्हातारा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बोलणं मोठ्यांदा, जणू आपण रस्त्याच्या पलीकडे उभे आहोत. आपण बोलायला लागलो की मात्र हातातलं काम खाली ठेवून आपल्या तोंडाकडे टक लावून बघत. मला फार कौतुक वाटलं. काय लक्ष देऊन ऐकतो हा माणूस, असं मी घरी जाऊन नानांना सांगितलंही होतं.

तर, घरी कोण ऐकतं? मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. वडील आहेत, दिसत नाही त्यांना, गाडीच्या आवाजावर दार उघडतात, परवा उघडलं नाही.

मिस्त्रींनी मान डोलावली. "मग सायलेन्सरचा डबा नवा टाकायचा," ते म्हणाले. "आवाज नाय."

"म्हणजे?"

"आवाज जुनाच ऱ्हायला पायजे. नवा डबा लय शांत असतो. तुमी दारात जाऊन उभ्या ऱ्हाल, अन् वडील बसतील वाट बघत."

मी म्हटलं, "मिस्त्री, माझ्याकडे फार पैसे नाहीत."

"ते गाडीकडं बघूनच कळलं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "एकदम नका करू. पगाराला एक तुकडा. आधी मागचा डबा, मग मधला पाइप, मग पुढचा जोड. तिसऱ्या पगाराला गाडी पोरीवानी व्हती का नाय बघा."

"आणि तो फिल्टर? एक जण म्हणाला, काढून टाकू."

"तो काढला की गाडी मोकळी व्हती, अन् मागं येनाऱ्याचं नाक जळतं. त्याला ऱ्हाऊ द्या. त्यानं काय वाकडं केलंय तुमचं?"

नवा पाइप त्यांनी भंगारातून काढला. चकचकीत स्टीलचा होता. कुठला म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाइनच्या कारखान्यातला. ह्याच्यातून लय द्राक्षं गेली. इगतपुरीचं पाणी ह्याचं काय वाकडं करत नाय." हे मी घरी सांगितलं. नाना माळकरी. कितीतरी दिवस मी गाडी लावून वर आले की ते विचारायचे, "काय, सरळ चालली ना आज?"

पण जुना आवाज आणायचा कुठून? आधीचा आवाज कसा होता, हे मला सांगताच येईना. बारा वर्षं त्या गाडीत बसत होते आणि कधी ऐकलीच नव्हती. मिस्त्री म्हणाले, "ज्याचे कान, त्याला आना."

म्हणून एका रविवारी नानांना घेऊन गेले. ते टोपी घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले, साक्षीला बोलावल्यासारखे. मिस्त्रींनी भोकंभोकं पाडलेल्या नळीभोवती काचेची लोकर गुंडाळली, डबा बसवला, कच्चे टाके मारले आणि मला म्हणाले, करा चालू. नाना ऐकत राहिले.

"ही कुणाची?" ते म्हणाले. "ही साहेबाची गाडी. आमची नाही."

डबा खाली आला. लोकर कमी झाली. पुन्हा चालू.

"आता खोकतेय."

पुन्हा खाली. नळी दोन बोटं मागे सरकली.

"आता पोट भरल्यासारखी वाटते. आमची जरा उपाशी होती."

मला हसू आवरेना. मिस्त्री मात्र गंभीरपणे नानांच्या तोंडाकडे बघत होते. "नाना, नीट सांगा. कशी बोलायची?"

नानांनी विचार केला. "गिरणीपाशी वेग कमी झाला की ती 'हं' म्हणायची. दिवसभर बाहेर राहून आलेलं माणूस दारात चपला काढताना म्हणतं ना, तसं."

हे ऐकून मी हसायची थांबले. बारा वर्षं ती गाडी माझ्यासाठी दमत होती आणि ते फक्त नानांना माहीत होतं.

चार-पाच वेळा डबा वर-खाली झाला. मधेच नानांनी मान भिंतीकडे वळवली आणि अगदी हळू, सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या शेडला आग लागलीय."

मी दचकून इकडे तिकडे बघितलं. मिस्त्री शांतपणे लोकर कापत होते.

नानांनी तोंड त्यांच्याकडे फिरवलं. "तुम्हाला ऐकू येत नाही."

कात्री थांबली. मिस्त्रींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, कुणी गिऱ्हाईक तर आलं नाही ना म्हणून. मग एक डबा उलटा करून नानांसमोर बसले. "डाव्यानं नायच," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलायचा प्रयत्न करत होते, आणि तो जमत नव्हता. "उजव्यानं चार आणे. देवळाली कॅम्पाच्या अंगाला गाव आमचं. ल्हानपनी लष्कराच्या तोफा, मोठेपनी हातोडा. काय ऱ्हातंय?"

"आणि सायलेन्सरचं काम करता?"

"हातानं करतो. हाताला कळतं. सगळं नाय कळत, पन कळतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्यांची बायको होती तोवर प्रत्येक गाडीची ट्रायल तिच्याकडे व्हायची. काम झालं की गाडी घरावरून न्यायची. ती भाकरी टाकून दारात यायची आणि हात करायची. वर केला तर पास. आडवा हलवला तर परत खोल. गिऱ्हाइकांना वाटे, मिस्त्री घरी सांगून येतात जेवायला उशीर होईल म्हणून. "एकदा माज्याच स्कूटरला नवा डबा टाकला," ते म्हणाले. "लय शांत. स्कूटर वळली की ती चहा टाकायची. त्या दिशी मी दारात उभा, अन् चहा नाय. म्हनली, चोरावानी काय आले? दुसऱ्या दिशी जुना डबा परत लावला. आजून तोच हाय. तवापासून इचारतो लोकांना, घरी कोण ऐकतं म्हनून." ती जाऊन तीन वर्षं झाली होती. "कुनाला सांगू नका नाना. धंदा बसंल."

"मला दिसत नाही हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे," नाना म्हणाले. "तुमचं मी कशाला सांगू?" आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या गाड्या आमच्या घरावरून न्या."

तिसऱ्या पगाराला माझी गाडी पुरी झाली. मी एकटीच ती घेऊन निघाले. गिरणीपाशी वेग कमी केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. 'हं' म्हणाली. जिना मी मुद्दाम हळू चढले, कारण वर काय असेल याची मला धास्ती वाटत होती. दार उघडं होतं. नाना चौकटीला हात लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा होता की मी तिथेच पायरीवर बसून रडले. ते म्हणाले, "आता आत ये की. दार उघडं ठेवून डास येतात."

आणि मग सुरू झाली आमच्या गल्लीतली ती ट्रायल. आठवड्यातून दोन-तीनदा, साडेपाचच्या सुमारास. नाना पाच वाजताच तोंड धुऊन, धुतलेला सदरा घालून गॅलरीत बसायचे. मिस्त्री कुणाची तरी गाडी घेऊन यायचे, आमच्या खाली हळू करायचे आणि मान वर करून बघायचे. नानांचा हात वर गेला की तसेच पुढे. आडवा हलला की वळून परत शेडकडे. एकाला ऐकू येत नव्हतं, एकाला दिसत नव्हतं, पण त्या दोघांचं जेवढं नीट समजायचं तेवढं धडधाकट माणसांचं समजलेलं मी पाहिलेलं नाही. खालचे काका चिडवायचे, "नाना, आरटीओ उघडलं का?" नाना म्हणायचे, "आमच्याकडे वशिला चालत नाही."

चालत नसेच. एकदा एका भल्यामोठ्या गाडीत मालकही शेजारी बसला होता. नानांनी हात आडवा हलवला. मालक खिडकीतून डोकं काढून ओरडला, "हा आंधळा म्हातारा कोण आम्हाला सांगणारा?" मिस्त्रींना शब्द कळले नसावेत, पण चेहरा कळला. ते मोठ्यांदा, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे आमचे सायेब हायेत." अख्ख्या गल्लीने ऐकलं. त्या दिवशी नाना दोन पोळ्या जास्त जेवले.

रविवारी मिस्त्री घरी येत. जय भीम, राम राम व्हायचं आणि दोघं गॅलरीत बसत. बोलणं फार नसे. नाना रस्त्यावरून काय चाललंय ते ऐकून सांगत, मिस्त्री काय चाललंय ते बघून सांगत, आणि ते जुळलं की दोघांना आनंद व्हायचा. मी चहा ठेवायची. एकदा लक्षात आलं, स्कूटर गिरणीपाशी वळली की मी आपोआप गॅस पेटवते. तिचा तो फटफटणारा जुना आवाज माझ्याही कानांना कळायला लागला होता. मिस्त्री वर आले आणि कपातून वाफ येताना दिसली की क्षणभर दारातच थांबायचे.

दोन वर्षं असं चाललं. मग शेडच्या मालकाने जागा विकली. लिंबासकट. मिस्त्रींचं वय झालं होतं, नवी जागा घेण्यात अर्थ नव्हता. नागपूरला लेक होती, ती न्यायला आली. निघायच्या दिवशी ते आमच्याकडे आले तेव्हा दोघंही अवघडून बसले. शेवटी मिस्त्री उठले, नानांच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले आणि तळहात नानांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरला. डोळे मिटले. नाना निमूट श्वास घेत राहिले.

"पास," मिस्त्री म्हणाले. "असंच चालू ठेवा."

ते गेल्यावर पहिल्यांदा ध्यानात आलं, की या दोघांना आता भेटायचा काही मार्गच नाही. फोनवर मिस्त्रींना ऐकू येणार नाही. लिहून पाठवलं तर नानांना दिसणार नाही. मी मधे पडून निरोप सांगायची, पण मी सांगितलेलं म्हणजे मी सांगितलेलं. नाना संध्याकाळी साडेपाचला धुतलेला सदरा घालून बसायचे आणि अंधार पडला की उठायचे. मला ते बघवत नसे, आणि मी काही करूही शकत नव्हते.

एका संध्याकाळी नागपूरहून माझ्या मोबाइलवर आवाजाचा निरोप आला. नऊ सेकंदांचा. आधी मिस्त्रींचा दणदणीत आवाज, "नाना, ऐका!" आणि मग एक गाडी. लेकीच्या शेजाऱ्याची असावी. म्हाताऱ्याने तिथेही खड्डा शोधला होता. मी फोन नानांच्या कानाशी धरला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून हात वर केला. मी त्याचा व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला. आवाज इकडे आला, हात तिकडे गेला. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, त्यांना सुचली.

मग दर आठवड्याला एखादी गाडी यायला लागली. कधी बटणावरचं बोट लवकर सुटायचं आणि नुसतंच "नाना, ऐ" एवढंच यायचं. एकदा गाडीऐवजी त्यांच्या नातीचं पाढे म्हणणं आलं. नानांनी तेही पास केलं.

शेवटची गाडी जूनमध्ये आली. शाळेत प्रवेशाची गर्दी, मी दमून आले होते. "नाना, ऐका!" आणि मग फट्फट् करणारा, फाटका आवाज. नानांनी लगेच हात आडवा हलवला. "जोडात फुटलंय. कुणाचं आहे कोण जाणे, पण फार जुनं आहे. कळव त्यांना, डबा बदला म्हणावं." मी व्हिडिओ काढला. पाठवते म्हटलं आणि फोन चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी इगतपुरीला रेंज नव्हती, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे आठवणच झाली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाठवला. तो तिकडे कुणी पाहिल्याची खूण आली नाही.

आठवड्याने लेकीचा फोन आला. मिस्त्री त्या चौथ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले होते. ती रडत नव्हती, शांतपणे सांगत होती. "बाबा तीन दिवस फोन हातात घेऊन बसले होते, ताई. नानांचा हात आला का, नानांचा हात आला का, सारखं विचारायचे."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ती गाडी कुणाची होती?

"गाडी नव्हती. त्यांची स्कूटर. येताना ट्रकात घालून आणली होती ना. आईच्या वेळचा डबा होता तिला, तो शेवटी फुटला. मी म्हटलं बदला, तर म्हणाले, नानांना विचारतो. ते म्हणतील तसं करू."

नानांना मी त्याच दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं, माझा उशीर, त्यांचं वाट बघणं, स्कूटर, आईच्या वेळचा डबा. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते साडेपाचला सदरा बदलून गॅलरीत बसले आणि म्हणाले, "लाव ती पुन्हा."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. "नाना, ऐका!" मग तो फटफटणारा आवाज, मधूनच शीळ घातल्यासारखी हवा निसटणारा. त्या आवाजावर मी कितीतरी रविवार गॅस पेटवला होता, आणि त्या संध्याकाळी मला तो ओळखू आला नव्हता. नानांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

तो फुटलेलाच होता, मलाही कळत होतं. नानांनी हात वर केला. आवाज संपला, तरी बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.